जळून गेलेल्या सात नंबरची पाटी

सुज्ञ वाचकहो, पुढील पानांत जी हकीकत निवेदन करण्याचे मी योजिले आहे, तिच्यात एक मृत्यू आहे, एका सज्जनाच्या माथी बसलेला कलंक आहे, आणि एकेचाळीस वर्षे कोणाच्याही ध्यानात न आलेली एक चूक आहे. मी लेखक नव्हे. जुन्या विमानांच्या सांगाड्यांवर कापड चढविणे व ते शिवणे हा माझा व्यवसाय. सुई माझ्या हाताला जितकी वळते तितकी लेखणी वळत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तथापि ही गोष्ट दुसऱ्या कोणी लिहिणे योग्य होणार नाही, म्हणून हे धाडस.

मंडळींची पाळण्यातली नावे मी येथे दिलेली नाहीत. धावपट्टीवर आम्ही एकमेकांस ज्या नावांनी हाका मारीत होतो, तीच ठेवली आहेत. आणि चूक कोणाची, हे मी शेवटाकडेच सांगणार आहे. वाचकांस झुलविण्याचा त्यात हेतू नाही. मला ते ज्या क्रमाने उमगले, त्याच क्रमाने आपणांसही उमगावे, एवढीच इच्छा.

एक

आमच्या धावपट्टीवर आता विमाने उतरत नाहीत. फरशीच्या फटींतून गवत वर आले आहे आणि वाऱ्याची दिशा दाखविणारी पिशवी फाटून काठीला लोंबते आहे. मोठ्या हँगरात एकच जुने विमान उरले होते. दोन आसनांचे, कापडी पंखांचे, शेपटीवर ३ हा आकडा असलेले. आम्ही त्यास ‘तीन नंबर’ म्हणत असू. येत्या रविवारी त्याच हँगरात कायमचे प्रदर्शन उघडावयाचे होते, आणि तीन नंबरला नवे कापड चढविण्यासाठी मला, निवृत्त असूनही, बोलावणे आले होते.

त्या सोमवारी सकाळी मी जुने कापड उसवून सांगाडा उघडा केला. सोबत इतिहासबाई होत्या. धावपट्ट्या-धावपट्ट्या हिंडून जुन्या विमानांच्या कुंडल्या जमविणे हे या बाईंचे काम. विमान कोठे बनले, कोणी उडविले, कोणत्या शेतात पडले, हे सारे त्या वहीत उतरवीत. मात्र कागदपत्रांवर त्यांचा विश्वास बेताचाच होता.

“कागद काय, मास्तर,” त्या मला म्हणाल्या होत्या, “वरच्या कागदावरून खालच्या कागदावर उतरवलेला असतो. मला माणसं सांगा. कोण कुठं उभं होतं, ते सांगा.”

मागच्या आसनाचे बोल्ट गंजले होते. ते कापून मी आसन बाहेर काढले, तेव्हा खाली सांगाड्याच्या नळीवर कारखान्याची पाटी दिसली. तळहाताएवढी, रंगाच्या थरांखाली बुजलेली. प्रत्येक विमानाच्या जन्माचा क्रमांक अशा पाटीवर ठोकलेला असतो. दर वर्षीच्या तपासणीत ती वाचावी असा नियम होता. प्रत्यक्षात मागील वर्षीच्या कागदावरून क्रमांक उतरविण्याची रीत पडली होती, कारण पाटी वाचावयाची तर आसन काढावे लागे, आणि ते गंजके बोल्ट काढण्याचा सर्वांनाच कंटाळा.

मी रंग खरवडला. बाईंनी क्रमांक वाचला, वही उघडली, पाने मागे घेतली, पुढे घेतली, आणि चष्मा काढून पुसला.

“मास्तर, आकडा पुन्हा वाचा.”

मी वाचला.

“हा तीन नंबरचा क्रमांक नाही. हा सात नंबरचा आहे.”

“असं कसं होईल, बाई? सात नंबर तर जळून गेलं. राख मी या डोळ्यांनी पाहिलीय.”

बाई मंद स्वरात म्हणाल्या, “मग आत्ता आपण कशाला टेकून उभे आहोत?”

दोन

येथे मागील कथा सांगणे आवश्यक आहे.

एकेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या उड्डाणशाळेत अगदी एकसारखी दोन विमाने होती, तीन नंबर आणि सात नंबर. शेपटीची फळी वरखाली करणारी पोलादी केबल दोन्हींची झिजत आली होती, परंतु मागविलेल्या नव्या केबलींपैकी एकच वेळेवर आली. ती सात नंबरला बसवावी, गिरक्या-कोलांट्यांचे कठीण उड्डाण त्यानेच करावे, आणि दुसरी केबल येईपर्यंत तीन नंबरने केवळ सरळ, हलके उड्डाण करावे, असे ठरले. केबल बसविण्याचे काम दादांकडे होते. दादा म्हणजे आमच्यातील सर्वांत जाणते तंत्रज्ञ. त्यांनी केबल बदलली आणि कागदावर सही केली. त्यानंतर दोन्ही विमानांवर नवे कापड चढले.

अकराव्या दिवशी कॅप्टन, म्हणजे आमचे शिक्षक वैमानिक, सात नंबर घेऊन वर गेले. गिरकीतून बाहेर येताना विमानाचे नाक वर उचललेच नाही. शेतात पडून ते जळाले. कॅप्टन गेले. राखेत केबलीचा तुकडा सापडला, तो जुना, झिजून तुटलेला.

“मी बदलली होती,” दादा म्हणाले. चौकशीत म्हणाले, घरी म्हणाले, रस्त्यात म्हणाले. कोणी ऐकले नाही. त्यांचा परवाना गेला. धावपट्टीवर त्यांचे नाव पडले ‘खोटी सही’. पोरेसोरे तर म्हणतच, मोठ्यांनीही म्हणण्यास कमी केले नाही. मी कधी तसे म्हणालो नाही. पण म्हणणाऱ्यांस अडविलेही नाही, आणि एकेचाळीस वर्षांत त्यांच्या घरची पायरी दोनदाच चढलो.

आता प्रदर्शनाचा फलक तयार होऊन भिंतीशी उलटा टेकवून ठेवला होता. तो लिहिला होता मोठ्या साहेबांनी. अपघाताच्या वेळी हँगरचे प्रमुख तेच होते. फलकावरील एक वाक्य असे: ‘तंत्रज्ञाने केबल न बदलताच बदलल्याची सही केल्यामुळे सात नंबर विमान अपघातग्रस्त झाले.’

पाटी सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादांची लेक हँगरात आली. पन्नाशीची बाई, हातात औषधांची पिशवी.

“मास्तरकाका, ते वाक्य काढायला सांगा ना तुम्ही. बाबा एक्याऐंशीचे झालेत. डॉक्टर म्हणतात, काही आठवडे. त्यांचं नाव नाहीये फलकावर, मला माहितीय. पण इथं कुणाला कळणार नाही, सांगा?”

मोठे साहेब काठी टेकीत आले होते. ते म्हणाले, “पोरी, मला काय हौस आहे? जे चौकशीत लिहिलं, ते मी लिहिलं.”

बाईंनी त्यांना पाटी दाखविली. साहेबांनी वाकून ती पाहिली.

“अपघातानंतर कुणीतरी आठवण म्हणून ती पाटी आणून इथं ठोकली असेल,” ते म्हणाले.

यावर मला बोलणे भाग पडले. “साहेब, पाटी जळालेल्या विमानातली असती तर काळी पडली असती. आणि हे बघा, पाटी ठोकलेले रिव्हेट कारखान्याचेच आहेत. मी एक उपटून बघितला. पाटीखाली नळीला कारखान्याचा हिरवा रंग आहे, जसाच्या तसा. दुसरं भोक नाही. ही पाटी जन्मापासून इथंच आहे.”

साहेबांचा चेहरा उतरला. “म्हणजे सात नंबर हे. मग पडलं ते...”

“तीन नंबर,” बाई म्हणाल्या.

“कसं? बाई, हे कसं झालं ते मला सांगा. नुसत्या पाटीवर मी वाक्य पुसणार नाही. उद्या कुणी म्हणेल, म्हाताऱ्यानं मित्रासाठी इतिहास बदलला. रविवारी दहाला दार उघडणार. तोवर सांगा, माझ्या हातानं पुसतो.”

तीन

दादा खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसले होते. देह काटकुळा झाला होता, पण जिभेची धार शाबूत होती.

“या. कापडमास्तर आले! वाट चुकलास का रे? की मेलो अशी बातमी उठली?”

“दादा, या बाई...”

“कळलं. इतिहास लिहितात. बाई, तुम्हाला सोपं पडावं म्हणून आधीच सांगतो. मी केबल बदलली होती. आता तुम्ही म्हणा, नव्हती बदलली. म्हणजे चहा प्यायला मोकळे.”

बाईंनी वही बाजूला ठेवली. पिशवीतून बाटल्यांची दोन बुचे काढली, एक लाल, एक पांढरे, आणि दादांच्या मांडीवर एक पाट ठेवला. “हा पाट म्हणजे हँगर. इकडं दार, इकडं मागची भिंत. लाल बूच सात नंबर, पांढरं तीन नंबर. केबल बदलली त्या दिवशी कोण कुठं होतं, ठेवा.”

हीच त्यांची पद्धत. मनुष्य तारखा विसरतो, बोललेले विसरतो. परंतु जड वस्तू कोठे उभी होती, हे त्याचे अंग विसरत नाही, असे त्यांचे मत होते.

दादांनी क्षणाचाही विचार न करता लाल बूच दारापाशी ठेवले आणि पांढरे भिंतीपाशी.

“केबलीच्या कामाला उजेड लागतो. आत भिंतीकडं तर हाताला हात दिसायचा नाही. सात दारात. दोन्ही नागडी होती, कापड नव्हतं. चिठ्ठी बघूनच सांगायचं कोण कोण ते. प्रत्येकाच्या शेपटीच्या चाकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असायची, सात, तीन. मी चिठ्ठी वाचली. आसनाखालची पाटीपण वाचली.”

“पाटी वाचलीत?” बाई चमकल्या.

“मी वाचायचो. हसायचे लोक. बोल्ट काढण्यात अर्धा दिवस घालवतो म्हणून.” ते माझ्याकडे वळले. “हा पण हसायचा.”

मी खाली पाहिले.

निघताना लेक दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, “काकू गेल्यापासून... म्हणजे आई गेल्यापासून बाबा असं ठणकावून कधी बोलले नव्हते. आईला आम्ही सगळे काकूच म्हणायचो. आज बोलले. पण तुम्ही बाहेर पडताना काय विचारलं त्यांनी, ऐकलंत?”

मी ऐकले नव्हते.

“मला म्हणाले, ‘पोरी, बदलली होती ना गं मी?’”

चार

बाई दुपारी मोठ्या साहेबांकडे गेल्या. मीही सोबत होतो. साहेबांच्या बैठकीत जुन्या विमानाचा लाकडी पंखा भिंतीला टांगलेला होता आणि खुर्च्यांवर स्वच्छ आच्छादने होती.

“अपघातानंतर दुसरी केबल आलीच असेल ना?” बाईंनी विचारले. “ती तीन नंबरला बसवायची होती. कुणी बसवली?”

साहेबांनी काठीच्या मुठीवर हात फिरविला.

“बसवली नाही.”

“का?”

“दादा घरी बसला होता. दुसरा कुणी नव्हता, म्हणून मीच तीन नंबरचं शेपटीकडचं झाकण उघडलं. आत केबल होती, नवी कोरी. तेल पण वाळलं नव्हतं.”

“साहेब! हे तुम्ही चौकशीत सांगितलं नाहीत?”

“चौकशी संपली होती, मास्तर. मी विचार केला, याने केबल बदलली खरी, पण सातऐवजी तीनला. खोटी सही नाही, आंधळी सही. माणूस तोच, चूक तीच, कॅप्टन मेलेलाच. काय फरक पडणार होता?”

“त्यांना पडला असता,” बाई म्हणाल्या.

साहेब म्हणाले, “आता तर तुम्ही म्हणता, ज्यात नवी केबल सापडली ते विमान म्हणजेच सात. म्हणजे त्यानं बरोबर विमानालाच बसवली. मग आकडे कधी फिरले? कुणी फिरवले?”

“आकडे कुणी रंगवले?” बाईंनी विचारले.

“रंगारी. तो जिवंत आहे. जिभेनं तर शंभर वर्षं जगेल.”

पाच

रंगारी आपल्या दुकानासमोर पाट्या रंगवीत बसला होता. सत्तरी ओलांडलेला, पण हात स्थिर.

“या मास्तर! अजून सुईत दोरा घालता येतो का, की लेक घालून देते? बसा बाई. डब्यावर बसा, तो वाळलाय. त्या दुसऱ्यावर बसलात तर घरी जाताना पिवळ्या व्हाल.”

बाईंनी बुचे काढली. “आकडे रंगवले त्या दिवशी सात कुठं होतं, तीन कुठं?”

रंगाऱ्याने ब्रश कानावर अडकविला आणि बुचे ठेवली. लाल दारापाशी, पांढरे भिंतीपाशी.

माझ्या मनावरचे ओझे उतरले. “बघा बाई, दादा नि रंगारी दोघांचं जुळलं! सात दारात, तीन भिंतीशी. दोघंही खरं बोलतायत.”

बाई बुचांकडे पाहत राहिल्या. “जुळलं, हेच वाईट आहे, मास्तर.”

“म्हणजे?”

“दादांची बुचं केबलीच्या दिवसाची आहेत. यांची त्यानंतरची. मध्ये काय काय झालं?”

“मी कापड शिवलं,” मी म्हणालो. “मग डोप मारलं.”

वाचकांसाठी सांगतो, शिवलेल्या कापडावर डोप नावाचे पातळ द्रव्य फवारतात. ते वाळताना कापड ढोलासारखे ताठ आणि रुपेरी होते. त्याचा वास मात्र असा उग्र, की बंद जागेत अर्धा तास थांबले तर डोके गरगरते. म्हणून ते हवा बाहेर ओढणाऱ्या मोठ्या पंख्याखालीच फवारावे लागे.

“पंखे किती होते?” बाईंनी विचारले.

“एकच,” रंगारी म्हणाला. “मागच्या भिंतीत.”

“आणि विमानं दोन.” बाईंनी भिंतीपाशी असलेले पांढरे बूच उचलून हातात धरले. “दोघांनाही डोप मारलं?”

“मारलं की! त्याची तर गंमत आहे.” रंगारी माझ्याकडे पाहून हसला. “या मास्तराला पहिलं विमान होईतो घेरी आली. बाहेर गवतावर आडवा पडला, डोळे पांढरे. मी म्हटलं, जा बाबा घरी, बायकोला काय उत्तर देऊ? दुसरं मीच मारलं. रंगाऱ्यानं डोपला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून कुणाला बोललो नाही.”

“दुसरं मारायच्या आधी काय केलंत?”

“काय करणार? भिंतीकडचं वाळलेलं दाराकडं ढकललं, दारातलं भिंतीकडं आणलं. दोन पहारेकरी धरले हाताशी. त्या ढकलण्यानं माझी कंबर...”

“आणि संध्याकाळी पुन्हा जागेवर नेलीत?”

“ओलं विमान ढकलतं का कुणी, बाई? बोटं उठतील. राहू दिलं तसंच.”

बाईंनी दोन्ही बुचे अदलाबदल करून ठेवली. लाल भिंतीपाशी गेले, पांढरे दारापाशी आले.

“म्हणजे आकडे रंगवायच्या दिवशी,” बाई म्हणाल्या, “दारात तीन नंबर होतं. तुम्ही त्यावर सात लिहिलंत.”

रंगाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. “मी? बाई, देवाशप्पथ, मी चिठ्ठी बघून लिहिलं! चाकाला चिठ्ठी होती, सात. माझं काम तेवढंच. चिठ्ठी बघायची, आकडा काढायचा.”

“मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. त्यांनी वही मिटली. रंगाऱ्याकडे त्या पाहतच नव्हत्या.

सहा

हँगरापर्यंत आम्ही चालत गेलो. माझे मन रंगाऱ्याच्या ‘चाकाला चिठ्ठी होती, सात’ या एकाच वाक्याभोवती, दाव्याला बांधलेल्या बैलासारखे, फिरत होते.

सांगाड्याजवळ येऊन बाई थांबल्या. “मास्तर, डोप मारताना चिठ्ठ्या चाकालाच ठेवायचे का?”

“नाही.” माझा आवाज मलाच परका वाटला. “पुठ्ठ्यावर डोप उडालं की अक्षर जातं. म्हणून आधी काढायच्या आणि खिळ्याला अडकवायच्या. कापडखात्याचं काम ते.”

“कुणी काढल्या?”

“मी.”

“परत कुणी बांधल्या?”

वाचकहो, येथवर मी आपणांपासून काही लपविले नाही. त्या क्षणापर्यंत मलाही ते दिसले नव्हते. आता मात्र ती सकाळ जशीच्या तशी डोळ्यांपुढे आली. घेरी उतरली होती, पण कपाळ ठणकत होते. दोन रुपेरी विमाने, पंखापासून पंखापर्यंत सारखी. खिळ्याला दोन चिठ्ठ्या. मी त्या घेतल्या. दारातले सात, भिंतीकडचे तीन, हे कालपासून डोक्यात बसले होते. मी गुणगुणत बांधल्या. पंखा भिंतीत आहे हे मला ठाऊक होते. दोन्ही विमाने रुपेरी झाली, म्हणजे दोन्ही पंख्याखालून गेली, हेही डोळ्यांसमोर होते. आसनाखाली पाटी होती. बोल्ट काढले असते तर दुपार गेली असती.

“मी बांधल्या,” मी म्हणालो. “मीच उलट्या बांधल्या, बाई.”

मी तेथेच फरशीवर बसलो. बाईही शेजारी बसल्या. त्यांनी माझे सांत्वन केले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मग मी म्हणालो, “हे कुणाला कळलं नाही तरी फलकावरचं वाक्य जाईल ना? नुसतं ‘अदलाबदल झाली’ म्हटलं तरी?”

“जाईल.”

“मग?”

“मी वहीत लिहिणार. साहेबांना तुम्ही सांगायचं. आणि दादांना तर तुम्हीच, एकट्यानं.”

सात

साहेबांना मी त्याच संध्याकाळी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “तुझ्या चिठ्ठ्या आणि माझं तोंड. आपण दोघं मोकळे राहिलो आणि दादा एकटा भोगत राहिला.” मग त्यांनी हँगरात येऊन, फलक सुलटा करून ते वाक्य स्वतःच्या हाताने खरवडले. शेवटची अक्षरे मी खरवडली.

बुधवारी दुपारी मी दादांकडे गेलो. लेक खाटेच्या पायथ्याशी बसली होती. मी बसलो नाही.

“दादा, चिठ्ठ्या मी उलट्या बांधल्या.”

“कसल्या चिठ्ठ्या?”

मी पहिल्यापासून सांगितले. घेरी, पंखा, रंगारी, खिळा, सारे. साहेबांना सापडलेली नवी केबलही सांगितली. दादांनी छतावरची नजर काढली नाही. लेक त्यांचा हात धरून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते पुसण्याचे तिला भान नव्हते.

“म्हणजे केबल मी बदलली होती,” दादा म्हणाले.

“होय, दादा.”

“सातलाच.”

“सातलाच.”

“तुला खरं सांगू?” ते छताकडेच बोलत होते. “ही जायच्या आधीपर्यंत मला खात्री होती. ती गेल्यावर रोज कुणापाशी बोलायचं? मग वाटायला लागलं, नसेलच बदलली. पाना हातात घेतलेला आठवायचा, पुढचं आठवायचं नाही. सगळी दुनिया म्हणते तर असेल. मीच मारला असेल कॅप्टनला.”

मी त्यांचे पाय धरण्यास वाकलो. त्यांनी पाय चादरीखाली ओढून घेतले.

“ते नको. माफ कर म्हणू नकोस. मला नाही जमायचं.”

“नाही म्हणणार, दादा.”

“ऐक.” आता त्यांनी प्रथमच माझ्याकडे पाहिले. “उद्या ये. आणि हे सगळं पुन्हा सांग. परवाही ये. रोज ये. एकेचाळीस वर्षं मी दुसरंच ऐकत आलोय. तू आता हे सांगत जा, मी थांब म्हणेपर्यंत.”

रविवारी दहा वाजता प्रदर्शनाचे दार उघडले. सात नंबरच्या शेजारी नवा फलक आहे. चिठ्ठ्या उलट्या बांधल्या गेल्या आणि त्या कापडखात्याच्या माणसाने बांधल्या, असे त्यावर लिहिले आहे. आणि नवी केबल योग्य विमानास, पाटी वाचून, बसविली गेली होती, असेही. कॅप्टनच्या मुलास मी पत्र पाठविले. उत्तर आलेले नाही. ते मागण्याचा मला अधिकार नाही.

दादांकडे मी रोज सकाळी नऊला जातो. आज सव्विसावा दिवस. ते डोळे मिटून ऐकतात. ‘दादांनी केबल बदलली’ या वाक्याशी आलो की बोट वर करतात आणि मला ते पुन्हा म्हणावयास लावतात. मग लेक चहा आणते, आणि मी पुढे सांगू लागतो. थांब असे त्यांनी अद्याप म्हटलेले नाही.

एका निर्दोष माणसाची बाजू ऐकण्यासाठी आपण आपला अमूल्य वेळ खर्ची घातलात, याबद्दल सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे. भाषेत जे उणे राहिले असेल ते माझे. जे खरे आहे ते दादांचे.

आपला नम्र,
कापडमास्तर